परदेशी विद्यापीठांशी भागीदारी: विदर्भातल्या ग्रामीण कॉलेजांनी सुरुवात कुठून करावी?

बोंडफूल (धागा सुरू करणारे)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी वनस्पतिशास्त्र शिकवतो. कॉलेज अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहे. यंदा आंतरराष्ट्रीय सहकार्याचं काम माझ्याकडे आलं. आपल्यात अकोल्यापासून गडचिरोलीपर्यंतचे प्राध्यापक आहेत, बाहेर शिकायला गेलेली मुलं आहेत, शेतकरी आहेत, म्हणून हा विषय इथंच काढतो.

नॅकच्या (उच्च शिक्षणसंस्थांना दर्जा देणाऱ्या परिषदेच्या) मूल्यांकनात तिसऱ्या निकषाखाली कॉलेजनं केलेले 'कार्यरत' सामंजस्य करार मोजले जातात. हेतू चांगला आहे. पण त्यामुळे मूल्यांकनाचं वर्ष जवळ आलं की करारांची घाई सुरू होते. कुठल्या तरी वेबिनारमध्ये ओळख झालेल्या परदेशी प्राध्यापकाला दोन पानी मसुदा जातो, सही येते, फोटो निघतो, पेपरात बातमी लागते. मजकूर सगळीकडे एकच: विद्यार्थी-शिक्षक देवाणघेवाण, संयुक्त संशोधन, परिषदा. कोणता विद्यार्थी, कोणत्या विषयासाठी, कोणाच्या पैशानं आणि कोणत्या महिन्यात जाणार, याबद्दल त्यात एक ओळ नसते. मग मुदत संपते आणि कागद फाइलीत राहतो.

माझं मत असं की करार सर्वांत शेवटी यावा. आधी आपल्या भागातला एक प्रश्न हातात हवा, आणि तो असा हवा की त्याच्या उत्तरासाठी बाहेरच्या संशोधकालाही आपल्याकडेच यावं लागेल.

लोणार बघा. बेसाल्ट खडकात उल्केच्या आघातानं झालेलं, सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचं विवर. चंद्रावर आणि मंगळावरही बेसाल्ट आहे, त्यामुळे तिथल्या विवरांचा अभ्यास करणाऱ्याला लोणार टाळता येत नाही. अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण यांच्या संशोधकांनी एकत्र काम करून 1973 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे विवर आघाताचंच असल्याचे पुरावे मांडले. 2011 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कर्टिन विद्यापीठाच्या पुढाकारानं आर्गॉन पद्धतीनं त्याचं वय काढलं गेलं, ते सुमारे 5 लाख 70 हजार वर्षं निघालं. त्याआधी 50 हजारांच्या आसपासचा आकडा सांगितला जायचा. एवढी मोठी उलथापालथ झाली आणि त्या निबंधात बुलढाणा जिल्ह्यातलं एकही कॉलेज नव्हतं. मेहकर-लोणारच्या पोरांनी तो खडक रोज पाहिलेला असतो. त्यांच्यातला एक जण जरी नमुने गोळा करायला, मोजायला, पुढे पर्थला, कर्टिनच्या प्रयोगशाळेत बसायला गेला असता, तर त्या जिल्ह्यात भूशास्त्र शिकणाऱ्यांची एक पिढी वेगळी घडली असती.

दुसरं उदाहरण सेवाग्रामचं, आणि ते मला आदर्श वाटतं. महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत 726 आरोग्य कर्मचाऱ्यांची क्षयाच्या संसर्गासाठी दोन तऱ्हेनं तपासणी झाली, त्वचेवरची जुनी ट्यूबरक्युलिन चाचणी आणि रक्ताची नवी इंटरफेरॉन गॅमा चाचणी. या कामात बर्कलेचं कॅलिफोर्निया विद्यापीठ सोबत होतं. 2005 मध्ये ते 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. सुमारे निम्मे कर्मचारी दोनपैकी किमान एका चाचणीत पॉझिटिव्ह निघाले, आणि दोन्ही चाचण्यांचे निकाल बऱ्याच अंशी जुळले. जिथं क्षय भरपूर आहे आणि क्षयाविरुद्धची बीसीजी लस जवळपास सगळ्यांनी घेतलेली आहे, तिथं महागडी रक्तचाचणी खरंच जास्त उपयोगाची आहे का, हा तो प्रश्न. कॅलिफोर्नियात बसून त्याचं उत्तर मिळत नव्हतं. सेवाग्रामकडे रुग्णालय होतं, कर्मचारी होते, नोंदी होत्या. बर्कलेकडे अभ्यासाची पद्धत होती. दोघांनाही एकमेकांची गरज होती, म्हणून काम झालं.

आपल्याकडे असे प्रश्न थोडे आहेत का? गुलाबी बोंडअळी, सिकलसेल, पूर्णा खोऱ्यातला खाऱ्या पाण्याचा खारपाणपट्टा, संत्र्याच्या बागांची मर, मेळघाटातलं कुपोषण, गडचिरोलीतले सामूहिक वनहक्क, चंद्रपूरचा उन्हाळा. यांपैकी काय हाती घ्यावं, कोणाला लिहावं, नियम काय आडवे येतात, पैशाचं कसं करावं, यावर अनुभवी लोकांनी मोकळेपणानं लिहावं ही विनंती.

सातपुड्याचा पायथा

विद्यापीठाच्या कार्यालयात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे नियमांचं मी सांगतो.

परदेशी विद्यापीठासोबत पदवीचा अभ्यासक्रम चालवायचा तर यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) 2022 ची नियमावली लागू होते. तिच्यात तीन प्रकार आहेत: ट्विनिंग, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी. ट्विनिंगमध्ये विद्यार्थी परदेशात जास्तीत जास्त 30 टक्के क्रेडिट मिळवू शकतो आणि पदवी आपलंच विद्यापीठ देतं. संयुक्त पदवीत दोन्ही संस्थांकडून किमान 30-30 टक्के क्रेडिट यावी लागतात. आपल्या बाजूची संस्था नॅकमध्ये किमान 3.01 गुणांची, किंवा एनआयआरएफ या सरकारी क्रमवारीच्या विद्यापीठ यादीत पहिल्या 100 मध्ये, किंवा 'इन्स्टिट्यूशन ऑफ एमिनन्स' असावी लागते. समोरची संस्था क्यूएस किंवा टाइम्सच्या जागतिक क्रमवारीत पहिल्या 1000 मध्ये हवी. ऑनलाइन आणि दूरशिक्षणाचे अभ्यासक्रम या नियमावलीत बसत नाहीत, आणि फ्रँचायझीला तर साफ मनाई आहे. शहरांतून 'परदेशी पदवी तुमच्याच गावात' असे प्रस्ताव घेऊन जे एजंट फिरतात, त्यांना हे कलम दाखवा.

बोंडफूल सर, तुमचं कॉलेज संलग्न आहे. पदवी विद्यापीठ देतं, तुम्ही देत नाही. म्हणून संयुक्त पदवीच्या मागे लागण्यात तुमची शक्ती घालवू नका, तो विद्यापीठाचा विषय आहे. संयुक्त संशोधन, पाहुण्या प्राध्यापकाची व्याख्यानं, दोन्हीकडच्या वर्गांनी मिळून केलेला प्रकल्प, थोड्या दिवसांची विद्यार्थी भेट, हे सगळं मात्र तुमच्या आवाक्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठे अधिनियम 2016 मध्ये राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय संबंधांसाठी वेगळं मंडळ आहे. तिथं तुमचा प्रस्ताव लेखी जाऊ द्या. तोंडी सांगितलेलं अधिकारी बदलला की संपतं.

क्रेडिटचं गणित आधीच समजून घ्या. युरोपात एका वर्षाची 60 क्रेडिट असतात आणि एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याच्या 25 ते 30 तासांच्या कामाचा हिशेब. आपल्या नव्या चौकटीत वर्षाची 40 क्रेडिट. म्हणजे आपली 20 आणि त्यांची 30 ही दोन्ही एका सत्राची झाली. हे कराराच्या परिशिष्टात लिहून ठेवलं नाही, तर मुलगी तिकडून सत्र पूर्ण करून येते आणि इकडे तिला तेच पेपर पुन्हा द्यायला सांगतात. मी अशा मुलींचे अर्ज हाताळले आहेत. वर्ष वाया जाण्याचं दुःख काय असतं ते त्या अर्जांत दिसतं.

पऱ्हाटी

राजेहो, सारं वाचलं. मी काई प्राध्यापक नाई, कापूस-तूर पेरतो. मले एकच सांगा, हे परदेशी विद्यापीठ आलं त आमच्या बोंडअळीचं काय करन?

2017 साली गुलाबी अळीनं पऱ्हाटी खाल्ली. फवारनी करता करता यवतमाळ जिल्ह्यात मानसं मेले. तवा आमच्या बांधावर लय लोकं आले. फारम भरून नेले, मातीचे नमुने नेले, बोंडं फोडून पायले. काय सापडलं ते कोनी वापस येऊन सांगतलं नाई. आमी काई अडानी नाई, समजावून सांगतलं त समजते. म्या त म्हनतो, करारात पयली ओळ हेच टाका का जे सापडन ते गावात येऊन, मराठीत, सभेत सांगा लागन. पेपर कुठं छापाचा तिथं छापा.

बोंडफूल

पऱ्हाटी भाऊ, ही ओळ मी मसुद्यात घेतली. पहिलीच ठेवतो.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा प्रयत्न करतो, कारण बोंडअळीच्या बाबतीत बाहेर शिकण्यासारखं खरोखर काही आहे. अमेरिकेच्या कृषी विभागानं 2018 मध्ये आपल्या कापूस पट्ट्यातून गुलाबी बोंडअळीचं उच्चाटन झाल्याचं जाहीर केलं. ॲरिझोनात बीटी (अळी मारणारं जनुक घातलेल्या) कपाशीबरोबर, अळीत प्रतिकार वाढू नये म्हणून, बिगर-बीटीचा आसरा पट्टा शेतकऱ्यांनी नीट पाळला. पुढे 2006 पासून तिथं मोठ्या प्रमाणावर वांझ पतंग सोडले गेले, नर पतंगांना भुलवणाऱ्या कामगंधाचा वापर झाला, हंगामानंतर पऱ्हाट्या मोडून जमिनीत गाडल्या गेल्या. ॲरिझोना विद्यापीठाचे कीटकशास्त्रज्ञ, सरकार आणि शेतकरी संघटना त्यात एकत्र होते. तीच अळी, तेच बीटी तंत्र. आपल्याकडे बीटी 2002 मध्ये आलं, दोन जनुकांचं 2006 मध्ये, आणि अळीनं दोन्ही पचवली.

तिथलं सगळं इथं जसंच्या तसं लागू होणार नाही, हेही खरं. तिथली शेतं प्रचंड मोठी, सिंचनाची, एका वेळी पेरलेली. आपल्याकडे तुकड्यातुकड्यानं, पावसाच्या भरवशावर, प्रत्येकाचं वाण वेगळं, आणि पाणी असलं की फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच कपाशी पुढे ठेवणं. अळीला वर्षभर घर मिळतं. छोट्या शेतकऱ्यांच्या गावात पेरणीची तारीख आणि फरदड मोडण्याची तारीख सगळ्यांनी मिळून पाळली तर पतंगांची संख्या किती उतरते, याचं उत्तर ॲरिझोनाकडे नाही. ते आपल्या शिवारातच मिळेल. भागीदारीला असाच प्रश्न हवा, असं मला मनापासून वाटतं.

वाशीमकर

मी जर्मनीत संशोधन करतो, मूळ वाशीम जिल्ह्यातला. इकडच्या विभागात भारतातून येणाऱ्या ई-मेलचं काय होतं ते सांगतो, कारण ते तिकडे कोणी सांगत नाही.

'आमच्या संस्थेला आपल्या नामांकित विद्यापीठाशी सामंजस्य करार करण्याची इच्छा आहे' असं पत्र कुलगुरूंच्या पत्त्यावर आलं, तर ते आंतरराष्ट्रीय कार्यालयातल्या एखाद्या कर्मचाऱ्याकडे जातं. तिला विचारायला काही नसतं म्हणून ती उत्तर देत नाही. तेच पत्र एखाद्या प्राध्यापकाला गेलं, त्यात त्याच्या अमुक निबंधाचा उल्लेख असला, 'आमच्याकडे अमुक गावांत तमुक वर्षांपासून अशा नोंदी आहेत, तुमच्या निष्कर्षाशी त्या जुळत नाहीत, अर्धा तास बोलता येईल का' असं विचारलेलं असलं, तर बहुतेक वेळा उत्तर येतं. नोंदी पाहून डोळे चमकणारे लोक इथं खूप आहेत. पत्र एका पानाचं असावं. प्राचार्यांच्या पदव्या आणि संस्थेचा इतिहास त्यात नको.

दुसरं, पैशाबद्दल. युरोपीय संघाच्या इरॅस्मस प्लस योजनेत विद्यार्थ्यांना 2 ते 12 महिने आणि शिक्षकांना 5 दिवसांपासून 2 महिन्यांपर्यंत येता-जाता येतं. अर्ज मात्र युरोपातलं विद्यापीठ करतं, आपण नाही. त्यामुळे तिथं आपली बाजू मांडणारा एक तरी प्राध्यापक आधी जोडलेला हवा. त्याच्या मनात तुमच्या कॉलेजचं चित्र स्पष्ट असलं तरच तो कागदपत्रांची कटकट अंगावर घेईल.

तिसरं सगळ्यांत स्वस्त आणि मला सगळ्यांत आवडणारं. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्य विद्यापीठानं रुजवलेली एक पद्धत आहे, दोन देशांतले दोन वर्ग काही आठवडे एकाच विषयावर ऑनलाइन मिळून काम करतात. दोन्ही शिक्षक आराखडा एकत्र बसून ठरवतात, मुलांचे मिश्र गट होतात, प्रत्येक गट शेवटी काहीतरी तयार करून दाखवतो. विमान नाही, व्हिसा नाही. जर्मनीशी उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. तुमच्याकडे दुपारी अडीचला तास ठेवला तर इकडे सकाळचे दहा किंवा अकरा. मुलांना घरी जायची एसटीही मिळते. इकडचं हिवाळी सत्र ऑक्टोबरच्या मध्यावर सुरू होतं आणि तुमच्याकडे तेव्हा परीक्षा आणि दिवाळी, म्हणून नोव्हेंबर अखेर ते जानेवारी हाच काळ जुळतो. वेचणीही तेव्हाच चालू असते, बोंडं मुलांच्या हातात असतात.

इतिहासही थोडा सांगतो, कारण आपण असं काही पहिल्यांदा करत नाही आहोत. पंतनगरचं कृषी विद्यापीठ 1960 मध्ये उभं राहिलं ते अमेरिकेच्या इलिनॉय विद्यापीठाच्या मदतीनं. पंजाबच्या कृषी विद्यापीठाला ओहायो राज्य विद्यापीठाची साथ होती, बंगळूरला टेनेसीची. अमेरिकेची ती विद्यापीठंच शेतकऱ्यांच्या पोरांसाठी काढलेली होती, शिक्षण, संशोधन आणि विस्तार एका छताखाली. आणि अकोल्याच्या विद्यापीठाला ज्यांचं नाव आहे ते पंजाबराव देशमुख स्वतः अमरावती जिल्ह्यातल्या पापळचे, एडिनबरा आणि ऑक्सफर्डला शिकून आलेले. परत आल्यावर त्यांनी गावोगावच्या मुलांसाठी शाळा-कॉलेजं काढली. ही परंपरा आपल्या घरातली आहे.

मोहफूल

मी गडचिरोलीत काम करते. वरच्या सगळ्यांचं पटतं, पण जंगल आणि माणसं या दोन बाबतींत थोडं सावध करावंसं वाटतं.

आमच्याकडे धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणारं देशातलं पहिल्यांपैकी गाव. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' हे तिथलं वाक्य सगळ्यांना माहीत आहे. त्या गावाची खरी ताकद तिथल्या अभ्यासगटांत आहे. लोक एकत्र बसतात, माहिती गोळा करतात, वाद घालतात आणि सर्वांच्या सहमतीनं निर्णय घेतात. अशा गावात परदेशी विद्यापीठाला घेऊन जायचं असेल तर आधी ग्रामसभेपुढे विषय मांडा. काय विचारणार, काय नेणार, काय परत देणार, हे सांगा. ग्रामसभा नाही म्हणाली तर नाही. हो म्हणाली तर तिचा ठराव कराराला जोडा. मी तर पुढे जाऊन म्हणेन की ग्रामसभेलाच करारातला तिसरा पक्ष करा.

कायद्याचंही बघा. जैविक विविधता कायदा 2002 प्रमाणे परदेशी व्यक्तीला किंवा संस्थेला आपल्याकडची वनस्पती, बी, सूक्ष्मजीव किंवा त्यांच्याविषयीचं पारंपरिक ज्ञान संशोधनासाठी घ्यायचं असेल, तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी लागते. केंद्र सरकारच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसणाऱ्या संयुक्त प्रकल्पांना वेगळी वाट आहे, पण ती मंजुरी आधी हातात हवी. 'पाहुण्यांनी आठवण म्हणून चार पानं नेली' असं चालत नाही. बोंडफूल सर, तुम्ही वनस्पतिशास्त्राचे, हर्बेरियमच्या (वाळवून जपलेल्या वनस्पतींच्या) नमुन्यांची देवाणघेवाण करताना हे तुम्हाला पहिल्याच दिवशी भेटेल. माणसांच्या आरोग्यावर परदेशी सहकार्यानं संशोधन असेल तर संस्थेच्या नैतिकता समितीच्या पुढे आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीचीही मंजुरी घ्यावी लागते. सिकलसेलचं रक्त कोणत्या प्रयोगशाळेत तपासणार, नमुने देशाबाहेर जाणार का, हे सगळं त्यात येतं. आणि येणारा संशोधक पर्यटक व्हिसावर नको, संशोधनाचा व्हिसा वेगळा असतो.

आमच्या जिल्ह्यानं बाहेरच्या ज्ञानाचा उत्तम उपयोगही पाहिलेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला सार्वजनिक आरोग्य शिकले आणि परत येऊन गडचिरोलीत 'सर्च' ही आरोग्यसंस्था उभी केली. दवाखाना कसा हवा हे त्यांनी आदिवासींनाच विचारलं. 39 गावांत गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, शेजारची 47 गावं तुलनेसाठी ठेवली. 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते छापून आलं तेव्हा नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी घटल्याचं जगानं वाचलं. मोजण्याची शिस्त हॉपकिन्सची होती, पण बाळ वाचवणारे हात गावातल्या बाईचे होते. निबंधांत लेखक कोण, हा मुद्दा म्हणूनच मी सोडत नाही. शेतात, पाड्यावर जाऊन ज्या विद्यार्थिनीनं माहिती आणली, तिचं नाव आभाराच्या ओळीत ढकलू नका. लेखकांच्या यादीत घ्या, आणि तसं करारात लिहा.

बेंबळा

हिशेबाचं काम करतो, एवढंच सांगतो. खाजगी संस्थेच्या कॉलेजात परदेशातून देणगी किंवा अनुदान घ्यायचं तर संस्थेची एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी हवी. 2020 च्या दुरुस्तीनंतर ती रक्कम आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच उतरते. एका संस्थेनं घेऊन दुसरीला वाटता येत नाही, आणि प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे 'नागपूरची मोठी संस्था पैसे घेईल आणि आम्हाला आमचा वाटा देईल' ही रचना आता मोडीत निघाली. सुरुवातीला अशीच कामं घ्या ज्यांत पैसा सीमा ओलांडत नाही. तुमचा खर्च तुम्ही करा, त्यांचा त्यांनी.

जिनिंगवाला

सगळे युरोप-अमेरिकेचं बोलतात, मला आफ्रिकेकडे लक्ष वेधायचंय. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार देश जागतिक व्यापार संघटनेत 'कॉटन फोर' म्हणून ओळखले जातात. तिथला कापूस आपल्यासारखाच कोरडवाहू, छोट्या शेतकऱ्यांचा, हातानं वेचलेला. आपल्या सरकारनं 2012 पासून आफ्रिकी देशांसाठी कापूस तंत्रज्ञान मदतीचा कार्यक्रम चालवला आहे, आणि कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र तर आपल्या नागपुरातच आहे. तिकडची माणसं आपल्या शहरात शिकून जातात आणि 100 किलोमीटरवरच्या आपल्या कॉलेजांना ते कळतही नाही!

बुर्किना फासोनं 2008 मध्ये बीटी कापूस घेतला आणि धाग्याची लांबी घटली म्हणून काही वर्षांत सोडून दिला. असा निर्णय एका गरीब देशानं कसा घेतला, शेतकऱ्यांचं काय झालं, हे आपल्या अर्थशास्त्राच्या आणि शेतीच्या मुलांनी तिथल्या मुलांकडून ऐकायला हवं. भाषेची अडचण आहे, या चारही देशांत उच्च शिक्षण मुख्यतः फ्रेंचमध्ये चालतं. तरी मला वाटतं, बरोबरीनं बोलायचं असेल तर तिथंच बोलणं सोपं जाईल. ॲरिझोनाकडून शिकू, बुर्किनाबरोबर विचार करू.

वाशीमकर

जिनिंगवाला दादा, हे मला सुचलं नव्हतं. फ्रान्समधल्या शेती संशोधकांचं पश्चिम आफ्रिकेत जुनं काम आहे, त्यांच्यामार्फत तिघांचा गट जुळू शकतो. मी माझ्या विभागात विचारतो.

पूर्णाकाठ

मुलींच्या वसतिगृहाची अधीक्षक आहे, त्यामुळे माझं लक्ष पाहुणे येतात त्या दिवसाकडे.

परदेशी व्यक्ती तुमच्याकडे मुक्कामाला आली की 24 तासांत तिच्या मुक्कामाच्या माहितीचा फॉर्म (2025 पर्यंतचा सी फॉर्म) ऑनलाइन भरायचा असतो, मग ती वसतिगृहात उतरो की कोणाच्या घरी. विद्यार्थी व्हिसा 180 दिवसांहून जास्त असेल तर आल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. जिल्ह्याच्या ठिकाणी हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयात असतं. तिथल्या कर्मचाऱ्यांना आधी भेटून या, म्हणजे पाहुणी मुलगी रडकुंडीला येत नाही. मार्च ते जून कोणाला बोलावू नका, आपलं ऊन त्यांना सोसणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पिण्याचं पाणी, रात्री दवाखान्यात न्यायला गाडी आणि खोलीला आतून नीट लागणारी कडी, एवढं आधी पाहा. स्वागताच्या कार्यक्रमाचा खर्च यावर करा.

आणि आपल्या मुलींबद्दल. मराठी माध्यमातून आलेल्या आहेत, इंग्रजीत बोलायचं म्हटलं की मान खाली जाते. पण ज्या मुलीनं आईबरोबर डवरणी-निंदणी केली आहे, तिला डोमकळी, म्हणजे अळी शिरून मिटलेली कळी, कशी ओळखायची ते विचारा, ती न थांबता सांगेल. तिला आधी तो विषय मराठीत मांडू द्या, मग इंग्रजीत लिहू द्या, आणि ऑनलाइन तासात पहिली वेळ शेतातल्या व्हिडिओवर बोलायची ठेवा. दाखवायला हातात काही असलं की भाषा मागोमाग येते. इंग्रजी चांगलं असलेल्या दोन-चार शहरी मुलांनाच प्रत्येक वेळी पुढे केलं, तर ही सगळी भागीदारी त्या चौघांचीच होईल. मला ते अजिबात मान्य नाही.

बोंडफूल

सगळ्यांचे आभार. यावरून जे ठरवलं ते लिहितो.

विषय गुलाबी बोंडअळीचा. बीएस्सीच्या मुलामुलींच्या स्वतःच्या घरच्या शेतांत कामगंध सापळे लावायचे आणि दर आठवड्याला पतंग मोजायचे. पेरणीची तारीख, वाण, सिंचन आणि फरदड ठेवली की मोडली, हे त्यासोबत नोंदवायचं. निदान एक पूर्ण हंगाम हे आमच्या आम्ही, परदेशी कोणाला न लिहिता. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि अकोल्याचं कृषी विद्यापीठ जवळ आहेत, नोंदीचा नमुना त्यांना दाखवून पक्का करू. एका हंगामाच्या नोंदी हातात आल्या की वाशीमकरांनी सांगितलं तसं एक पानी पत्र दोन ठिकाणी, ॲरिझोनातल्या कीटकशास्त्रज्ञांना आणि पश्चिम आफ्रिकेत काम करणाऱ्यांना. उत्तर आलं तर पहिली पायरी ऑनलाइन जोडवर्ग, नोव्हेंबर अखेरपासून, दोन्हीकडे जुळेल त्या वेळी. किडे किंवा नमुने देशाबाहेर पाठवायचा विषय सध्या नाहीच, फक्त आकडे आणि फोटो.

मसुद्यात चार गोष्टी पक्क्या: निष्कर्ष गावसभेत मराठीत सांगणं, नोंदींची मूळ प्रत कॉलेजकडे आणि गावाकडे राहणं, माहिती गोळा करणाऱ्या विद्यार्थ्यांचं नाव लेखकांत, आणि क्रेडिटचं परिशिष्ट. सही कधी होईल ते आत्ता सांगत नाही. नॅकच्या फाइलीत यंदा या रकान्यात काही लिहिता आलं नाही तरी चालेल, हे मी प्राचार्यांशी बोललो आहे आणि त्यांनी ते मान्य केलं.

आता मदत हवी. कळंब, राळेगाव, मारेगाव, वणी या भागांत ज्यांच्याकडे 2017 नंतरच्या सापळ्यांच्या जुन्या नोंदी असतील, वहीत असोत की मोबाइलमध्ये, त्यांनी इथं सांगावं. तुटक असल्या तरी चालतील. आणि सापळे लावू देणारे शेतकरी हवेत, खास करून फरदड ठेवणारे. त्यांना कोणी दोष देणार नाही, तिथली संख्या कळणं सगळ्यांत गरजेचं आहे.

मोहफूल

सहभागी शेतकऱ्यांसाठी संमतीपत्राचा मराठी नमुना माझ्याकडे आहे, सोप्या भाषेतला. पाठवते. गावसभेत मोठ्यानं वाचून दाखवा आणि मगच सह्या घ्या.

पऱ्हाटी

माह्या वावरात लावा सापळे. विहीर हाय, फरदड ठेवतो, खोटं काऊन बोलू. शेजारच्यालेही इचारतो, त्याची कोरडवाहू हाय, म्हंजे दोन्हीचं समजन. पोट्टे पाठवा, पोट्ट्याही पाठवा, पन सोमवारी नको, आमच्या इथं बजार रायते, घरी कोनी सापडाचं नाई. सकाळीच या, ऊन चढाच्या आंधी मोजून होते.